टीव्ही शेवटी घ्या

मागच्या दिवाळीत मामांचा फोन आला. "भाच्या, पंचावन्न इंची घेतलाय, फोर-के. पण चित्र लागलं की नुसतं गरगर फिरायलंय. दुकानदारानं गंडवलं का काय?"

मामांचं गाव घाटनांदूरच्या पुढं. अंबाजोगाईहून मोटारसायकलवर पाऊण तास. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो, ओवाळूनही होईल आणि टीव्हीही बघून होईल म्हणून. घर जुनं, माळवदाचं. बैठकीत टीव्ही, आणि वायफायचा राऊटर मागच्या बाजूला पोरानं बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत. मधे अडीच फुटी दगड-मातीची भिंत. टीव्ही चांगलाच होता. दुकानदारानंही गंडवलं नव्हतं. बावीस मीटर लॅनची, म्हणजे राऊटरमधून इंटरनेट थेट टीव्हीत नेणारी वायर आणली, वरच्या झरोक्यातून घेतली, टीव्हीच्या मागं खोचली. गरगर थांबली. खर्च पाचशेच्या आत.

मामांची खरेदी उलटी झाली होती. आधी टीव्ही, मग बाकीचा विचार. माझ्या मंडी बाजारातल्या दुकानात आठवड्याला चार माणसं हेच घेऊन येतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. ऑनलाइन बघायचं असेल तर क्रम असा: आधी इंटरनेटची लाइन, मग ती टीव्हीपर्यंत नेणं, मग वीज, आणि टीव्ही शेवटी.

लाइन

आमच्या गावच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा होता, तेव्हा मी वीस-वीस फुटी पाइपांवर अँटेना चढवून दिलेत. वर एकजण पाइप फिरवायचा, खाली दारात बाई उभी. "आलं का?" "आलं आलं, सोड!" सोडलं की गेलं. आज मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांचं तेच चाललंय. फोन दक्षिणेच्या खिडकीत ठेवला तर चालतो, कुणी उचलला की बंद. त्यात रोजचा दीड जीबीचा रिचार्ज. एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात आणि फोर-के ला सातपर्यंत. दीड जीबीत कीर्तनाचा पूर्वरंगसुद्धा संपत नाही. हॉटस्पॉट पाहुण्यासारखा वापरावा, त्यावर संसार मांडू नये.

तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर डोळे झाकून फायबर घ्या. ३९९ रुपयांचा (वर १८ टक्के जीएसटी) ३० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन एका टीव्हीच्या घराला पुरून उरतो. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के ला १५. म्हणजे एक टीव्ही फोर-के वर आणि दोन लेकरं मोबाइलवर असली तरी ३० मध्ये बसतं. शंभर, दोनशेचे प्लॅन गळ्यात घालणारे भेटतात. चार माणसांच्या घरात ते पैसे दुसरीकडं लागतात, पुढं सांगतो कुठं.

फायबर नसेल तर छतावर डबा बसवून हवेतून येणारं ५जी इंटरनेट. आपल्याकडं तालुक्याच्या आसपास ते चांगलं चालतं, खेड्यात टॉवर किती लांब त्यावर. घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. महिन्याला किती जीबीनंतर स्पीड उतरतो, आणि चाललं नाही तर डिपॉझिट परत मिळतं का. रोज पाच तास एचडी बघितलं तर महिन्याला साडेचारशे जीबी होतात, तो हिशोब जवळ ठेवा.

स्पीड तपासायचा तर रात्री साडेआठ-नऊला तपासा, सगळी गल्ली मालिकेला बसलेली असते तेव्हा. सकाळी अकराला तपासून काय उपयोग? फोनवर फास्ट डॉट कॉम उघडा, आपोआप आकडा येतो. आणि टीव्ही जिथं बसणार तिथं उभं राहून बघा. राऊटरच्या शेजारी उभं राहून आलेला आकडा राऊटरच्या शेजारी झोपणाऱ्याच्या कामाचा.

फायबर बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी: रस्त्याचं काम करणारा जेसीबी, वानरं, आणि घरातल्या बाईनं झाडताना राऊटर कोपऱ्यात ढकलून मोडलेली वायर. आत काच असते, तिला तांब्याच्या वायरीसारखी गच्च घडी घालता येत नाही. डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला की समजायचं प्रकाशच येत नाहीये. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोटं घालत बसू नका, लाइनवाल्याला फोन लावा.

भिंती

वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. दोन पॉइंट चारचा लांब जातो, भिंतीतूनही थोडा घुसतो, पण सावकाश, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांचे राऊटर त्याच पट्ट्यात धक्काबुक्की करत असतात. पाचचा जोरात पळतो, पण भिंत आली की दमतो. वाडा असेल, पांढऱ्या मातीची नाहीतर दगडाची भिंत असेल, तर त्याच्याकडून आशाच नको. मामांचा टीव्ही पाचला चिकटून बसला होता, एका दांडीवर.

म्हणून फायबरवाला माणूस पहिल्यांदा येईल तेव्हाच त्याला सांगा की राऊटर टीव्हीच्या खोलीत बसव. त्याला दाराजवळ बसवून सुटायचं असतं. एक चहा पाजा, दहा मीटर वायर जास्त ओढून घ्या. पोरगं म्हणेल माझ्या खोलीत पाहिजे, कारण त्याला रात्री मोबाइल लागतो. मोबाइल २.४ वर चालेल, त्याला चालू द्या.

राऊटर हलवता येत नसेल तर लॅनची वायर. ती कुरूप दिसते म्हणून लोक नको म्हणतात. मला तिच्यासारखी भरवशाची गोष्ट दुसरी माहीत नाही. बहुतेक टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसच्या पुढं जात नाही, पण आपल्याला पंधरा-वीस लागतात, म्हणजे झालं. वायफाय वाढवणारा जो छोटा डबा सॉकेटात खोचतात, तो मी फार कुणाला देत नाही. जिथं रेंज मेलेली आहे तिथंच लोक तो लावतात आणि मग तो मेलेली रेंजच वाढवून देतो. लावायचा तर अर्ध्या वाटेत लावा.

वीज

परळीचं थर्मल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी आमच्याकडं दिवा कधी जाईल याचा नेम नाही. त्यावर बोलायला गेलो तर हा लेख संपायचा नाही.

दिवा गेला की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, त्रेचाळीस इंचीला साधारण ८०-१०० वॅट लागतात, पण राऊटर बंद पडतो कारण त्याचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. मग टीव्ही चालू आणि इंटरनेट गायब. याला राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-बाराशेच्या आसपास. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा: बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९. फोटो काढून दुकानात दाखवा. प्लॅनमध्ये वाचवलेले पैसे इथं घाला असं मी म्हणतो ते म्हणूनच.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. तीन पिनचा बोर्ड सगळ्यांच्या घरी असतो, तिसऱ्या भोकाला आतून वायर जोडलेली असतेच असं नाही. वायरमन बोलावून एकदा बघून घ्या. खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, कोरड्या काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंग नावापुरतं उरतं. आणि ज्या बोर्डावर पाण्याची मोटर चालते त्या बोर्डावर टीव्ही नको.

वळवाचा पाऊस आणि वीज कडाडायला लागली की पिन उपसा. बटण बंद करून भागत नाही, पिनच उपसायची. डिशच्या छत्रीची केबल असेल तर तीही, लॅनची असेल तर तीही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्याच घरात मी पिन काढली आणि छत्रीची केबल विसरलो. सेट-टॉप बॉक्स गेला आणि त्याच्या वायरीतून टीव्हीचं एचडीएमआय गेलं. तीस वर्षं लोकांना सांगणारा मी. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

आता टीव्ही

पहिला प्रश्न: जुना टीव्ही चालतोय का? पॅनल, म्हणजे पडदा, चांगलं असेल, मागं एचडीएमआयचं एक भोक असेल, तर नवीन टीव्ही घेऊ नका. त्या भोकात खोचायची, ॲप चालवणारी तीन ते पाच हजाराची स्टिक लावा. स्मार्ट टीव्हीचा मेंदू पॅनलच्या कितीतरी आधी म्हातारा होतो. चार-पाच वर्षांत ॲप जड होतात, कंपनी अपडेट देणं थांबवते, मग मुखपृष्ठ उघडायलाच मिनिट लागतं. तेव्हा लोक टीव्ही विकायला काढतात. स्टिक लावली की तोच टीव्ही पुन्हा पळतो. स्टिकला वीज मात्र तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरनंच द्या. टीव्हीच्या यूएसबीत खोचली की वायर वाचते, पण बऱ्याच टीव्हींचं यूएसबी अर्धा अँपिअरच देतं आणि स्टिकला एक लागतो. मग ती मधेच बंद होऊन चालू होते आणि लोक माझ्याकडं "स्टिक खराब निघाली" म्हणून येतात.

बाजारात दीड-दोन हजाराचे बिननावाचे डबे येतात, वर "८के" लिहिलेलं, "सगळं फुकट". घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा गुगलचं प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही नसतं, मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीचे कपडे घालून बसवलेलं असतं. पैशाच्या ॲपना चोरी थांबवण्यासाठी वाइडवाइन नावाचं कुलूप लागतं, त्याची एल१ पातळी नसेल तर ॲप साधं धुरकट चित्रच सोडतं. टीव्ही फोर-के, प्लॅन फोर-के, आणि चित्र जुन्या व्हीसीडीसारखं. आणि फुकट देणारा तो डबा तुमच्या वायफायवरून आणखी काय करतो, ते त्यालाच ठाऊक.

नवीनच घ्यायचा असेल तर आकार आधी ठरवा, आणि दुकानात ठरवू नका. दुकानात सगळे टीव्ही लहान वाटतात. इंच तिरके मोजतात. त्रेचाळीस इंची म्हणजे साधारण ३७ इंच रुंद आणि २१ उंच. पंचावन्न म्हणजे ४८ आणि २७. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा आयत भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या, मग बोला. दहा बाय बाराच्या खोलीला त्रेचाळीस बरोबर. बैठक पंधरा फुटी असेल तर पंचावन्न शोभतो. बत्तीस इंची घेणार असाल तर फोर-के, फुल एचडीच्या नादी लागू नका. आठ-दहा फुटांवरून बत्तीस इंचात एचडी रेडी आणि फुल एचडी ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. बत्तीसच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं बत्तीस आणि त्रेचाळीसमधलं अंतर आता पूर्वीइतकं नाही. जमत असेल तर त्रेचाळीस घ्या.

दुकानात टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात आणि त्यावर समुद्र, पोपट, फळं फिरत असतात. आपल्या घरी पोपट कोण बघतं? सेल्समनला म्हणा, चित्र घरगुती मोडवर घे आणि यूट्यूब लाव. मग तुमच्या आईला आवडणारं जुनं, साध्या क्वालिटीचं कीर्तन लावा. खराब चित्र टीव्ही किती सावरून घेतो, ते तिथं कळतं. मग बाजूला सरका, अगदी भिंतीपाशी. आपल्या बैठकीत माणसं टीव्हीसमोर ओळीनं बसत नाहीत, तिन्ही भिंतींना टेकून बसतात. पॅनलच्या दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीए समोरून काळंभोर, छान दिसतं, पण कडेनं बघितलं की रंग उडतात. आयपीएस कडेनं टिकतं, त्याचं काळं मात्र थोडं राखाडी. आमच्याकडं मी आयपीएस देतो. एकटा माणूस रात्री दिवा घालवून सिनेमे बघणारा असेल तर व्हीए. क्यूएलईडी नाव ऐकून भारावू नका, तोही मागून दिवा लावलेला एलसीडीच असतो, रंग थोडे जास्त. ओएलईडी वेगळी जात, तिथं प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. किंमतही तशीच पेटलेली.

रॅम दोन जीबी आणि साठवण सोळा असेल तर बरं. आठ जीबीत टीव्हीचं स्वतःचंच सामान बसतं, दोन ॲप टाकली की जागा संपली. मागं एचडीएमआय तीन, त्यातल्या एकावर एआरसी लिहिलेलं (त्यातून टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरला जातो), आणि लॅनचं भोक. काही स्वस्त टीव्हींना लॅन नसतंच, मागं हात घालून बघा. मग एक प्रश्न विचारा: बिघडला तर माणूस कुठून येणार? लातूरहून दोन दिवसांत येतो म्हणाले तर ठीक. पुण्याला पाठवावा लागेल म्हणाले तर पाच हजारांनी स्वस्त असला तरी सोडा.

आणि घरी आणताना उभा आणा. केजकडचं एक पोरगं नवा टीव्ही मोटारसायकलवर मांडीवर आडवा धरून घेऊन गेलं. घरी खोका उघडला तर कोळ्याचं जाळं. फुटलेलं पॅनल वॉरंटीत बसत नाही, आणि नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. टेम्पोचे तीनशे वाचवले होते त्यानं.

भिंतीवर टांगायचा की टेबलावर ठेवायचा? विटांची, सिमेंटची भिंत असेल तर खुशाल टांगा. दगड-मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, वरचा गिलावा छान दिसतो आणि आत भुसभुशीत असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला अशाच भिंती माणसांवर पडल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यानंतर मातीच्या भिंतीत ड्रिल घालताना हात थांबतो माझा. टेबलावर ठेवा, सरळ. उंचीही लोक चुकवतात. शोकेसच्या वर, पाच फुटांवर टांगतात, आणि बघायला सतरंजीवर बसतात. आजीची मान आठ दिवसांत धरते. खाली बसून बघणारं घर असेल तर टीव्हीची खालची कड दोन-अडीच फुटांवर. रांगतं लेकरू असेल तर थोडी वर, ते मोठं झालं की खाली.

आवाज

टीव्ही पातळ झाले आणि आवाजाला जागाच उरली नाही. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, भिंतीवर टांगला की आवाज जमिनीवर पडतो. आमच्याकडं बघितलं जातं काय, तर कीर्तन, मालिका, बातम्या, क्रिकेट. सगळा बोलण्याचा मामला. धडाम धडाम बेसवाला मोठा डबा घेऊन कीर्तनकाराचा शब्द कळेना, असं करू नका. साधा साउंडबार, एआरसीच्या भोकातून जोडलेला, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. जुनं होम थिएटर असेल आणि नव्या टीव्हीला लाल-पांढरी भोकं नसतील तर ऑप्टिकलवरून बदलून देणारी छोटी डबी मिळते, पाचशे-सातशेला. ते टाकून देऊ नका, जुन्या लाकडी पेट्यांचा आवाज आताच्या प्लॅस्टिकला नाही.

रिचार्जवरचे ॲप

फोनच्या रिचार्जसोबत ॲप फुकट मिळालं म्हणून लोक टीव्हीवर लावायला जातात आणि ते उघडत नाही. बरेच प्लॅन फक्त मोबाइलचे असतात. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅनही फोन आणि टॅबलेटवरच चालतो. पैसे भरायच्या आधी "टीव्हीवर" हा शब्द शोधा. दूरदर्शन बघायचं असेल तर प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्ह्ज नावाचं ॲप काढलंय, त्यावर सह्याद्री लागतं. रिमोटनं एकेक अक्षर टाइप करत बसण्यापेक्षा फोनवर यूट्यूबमध्ये शोधा आणि कास्टचं चिन्ह दाबा, एकाच वायफायवर असलं की टीव्हीवर लागतं. मामींना मी एवढंच शिकवलं. आता त्या गावातल्या बायांना शिकवतात.

क्रिकेट

हे एक राहिलं, आणि याचा इलाज माझ्याकडं नाही. ऑनलाइन चित्र तुकडे तुकडे करून येतं, टीव्ही ते थोडं साठवून मग दाखवतो, म्हणून छत्रीवरच्या चित्रापेक्षा ते मागं असतं. कधी वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मामांच्या पंचावन्न इंचीवर बॉलर अजून धावत यायलाय, आणि शेजारच्या घरातून "गेलाऽऽ!" अशी आरोळी येते. त्यांच्याकडं बावीस वर्षांचा डबा टीव्ही आणि फ्री डिशची छत्री. भारताचे महत्त्वाचे सामने डीडी स्पोर्ट्सवर लागतात, छत्रीवर फुकट.

मामांनी नव्या टीव्हीच्या जोशात आपली छत्री भंगारात काढून ठेवली होती, गोठ्याच्या मागं पडली होती. परवा फोन आला. "भाच्या, येताना छत्रीचं एलएनबी घेऊन ये."